शेजाऱ्याची गोळी

डॉक्टरांनी एका रुग्णाला लिहून दिलेली गोळी शेजारच्या घरी जावी आणि तेथून पाहुण्यारावळ्यांत फिरावी, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. ‘मला गुण आला, तुम्हीही घेऊन पाहा’ या सांगण्यामागे आपुलकीच असते. परंतु एकाला मानवलेले औषध दुसऱ्यालाही मानवेल, हा समज मुळातच चुकीचा आहे. त्याचे एक मोठे कारण आपल्या यकृतात दडलेले आहे.

पोटात गेलेल्या बहुतेक औषधांचे विघटन यकृतात होते. ते घडवून आणणारी विकरे कशी असावीत हे आईबापांकडून आलेल्या वारशाने ठरते, आणि ती सर्वांच्या ठायी सारखी कार्यक्षम नसतात. १९५२ साली प्रचारात आलेल्या आयसोनियाझिड या क्षयरोगावरील औषधाचेच पाहा. काहींच्या रक्तातील त्याचे प्रमाण तासा-दीड तासात निम्म्यावर येते. इतरांना त्यासाठी तीन तास वा अधिक लागतात. भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक या दुसऱ्या, संथ वर्गातले आहेत. जपानी लोकांत मात्र असे थोडेच आढळतात. संथ वर्गातल्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा संभव अधिक, म्हणून डॉक्टर सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. उलट, मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिले, तेव्हा शीघ्र वर्गातल्या रुग्णांना गुण कमी आला.

खोकल्यावर व वेदनांवर दिल्या जाणाऱ्या कोडीनची गोष्ट अधिक गंभीर आहे. यकृत त्याचे मॉर्फिन बनवते. काहींत ते जवळजवळ बनतच नाही आणि वेदना तशीच राहते. काहींत ते इतके झपाट्याने बनते की श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली अशा मुलांना ते देण्यास मनाई केली.

व्यक्ती तितक्या प्रकृती, असे आपण म्हणतो. परंतु वागताना ते विसरतो. ‘हे औषध मला सोसत नाही’ असे रुग्ण म्हणाला की त्याला नाजूक ठरवून गप्प बसवले जाते. ती तक्रार ऐकून घेणे आणि कागदावर नोंदवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. चिठ्ठीवाचून देऊ नयेत अशी औषधे ओळखीपाळखीवर हाती ठेवणाऱ्या फार्मसीवाल्यांनीही आपली जबाबदारी ओळखावी.

मात्र याचा अर्थ रुग्णाने आपल्या मनाने औषध सोडावे असा नव्हे. क्षयाचे औषध अर्ध्यावर टाकणे म्हणजे रोगाला बळ देणे होय. त्रास झाला तर डॉक्टरांना गाठावे, शेजाऱ्याला नव्हे. आणि शेजाऱ्यानेही आपुलकी दाखवायची असेल, तर गोळी न देता रुग्णासोबत इस्पितळापर्यंत जावे.