पिकअप बदलण्याआधी

पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार, आणि ती आटोपते न आटोपते तोच येणारे गणपती, असा आमच्या सावरगाव-पांढुर्ण्याकडचा सणांचा क्रम असल्यामुळे, श्रावण लागला की या मुलखातील वाद्यदुरुस्तीच्या दुकानांत जी गर्दी उसळते तिच्यात हार्मोनियमचे भाते आणि ढोलकीच्या पुड्या यांच्या जोडीला आता स्वस्तातला इलेक्ट्रिक बासही नेमाने दिसू लागला आहे. तो घेऊन येणारा तरुण बहुधा एखाद्या ऑर्केस्ट्रातला किंवा जागरण-पार्टीतला असतो, वाद्य पंधरा-वीस हजारांच्या आतले असते, आणि फर्माईश ठरलेली असते : ‘भाऊ, याचे पिकअप बदलून द्या.’ या फर्माइशीला तत्काळ होकार देणारा कारागीर गिऱ्हाइकाचे मन राखतो, परंतु वाद्याचे हित साधतोच असे नाही. ज्या वाद्याची मान वाकलेली आहे, ज्याच्या नटमधील खाचा उथळ आहेत आणि ज्याच्या जॅकची तार अर्धी सुटलेली आहे, त्याच्यावर वाद्याच्या निम्म्या किमतीचे परदेशी पिकअप चढविणे हा त्या तरुणाच्या तुटपुंज्या बिदागीचा अपव्यय होय, आणि तो रोखण्याची जबाबदारी आपणा कारागिरांवर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात हे स्वस्त बास ज्या आराखड्यांवरून बेतलेले असतात ते आराखडे हलके नाहीत. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने १९५१ साली ‘प्रिसिजन’ बास बाजारात आणला, १९५७ साली त्याला दोन तुकड्यांत विभागलेले पिकअप दिले, आणि १९६० साली दोन पिकअपांचा ‘जॅझ’ बास काढला. नट ते ब्रिज ३४ इंचांची तार, स्क्रूंनी जोडलेली मान आणि दांड्यावरील फ्रेट, ही त्याची मांडणी इतकी निर्दोष ठरली की आज जगातील बहुसंख्य स्वस्त बास तिचीच नक्कल करतात, आणि म्हणूनच एका कंपनीचे सुटे भाग दुसरीच्या वाद्याला बव्हंशी बसतात. आपल्या लोकांच्या कानी हा ध्वनी आला तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांतून. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास वाजविला, आणि ती गाणी आजही आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या यादीत असल्यामुळे, बास हे नावही ज्याने ऐकलेले नाही अशा श्रोत्यालाही त्याची चाल मात्र तोंडपाठ असते. स्वस्त वाद्यात उणे पडते ते आराखड्यात नव्हे. कारखान्यात शेवटच्या हातावर जो वेळ द्यावयास हवा तो दिला जात नाही, आणि तो शेवटचा हात फिरविणे हेच दुरुस्ती करणाऱ्याचे खरे कार्यक्षेत्र आहे.

मिरजेच्या तंतुवाद्यांना, म्हणजे तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला, २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले तेव्हा आपल्या व्यवसायात पुष्कळांना आनंद झाला. पण त्या नावलौकिकामागे भोपळा आणि तूण यांच्याइतकीच घोडीवर जवारी लावणाऱ्या हाताची पुण्याई आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असावे. घोडीचा पृष्ठभाग कानसेने केसाएवढा खरवडायचा, तार छेडून ऐकायचे, पुन्हा खरवडायचे, आणि तार घोडीला नेमकी किती अंतर स्पर्श करीत सुटते यावरून नाद मोकळा झाला की नाही ते ठरवायचे, ही विद्या ज्या देशात शतकाहून अधिक काळ पिढ्यान्पिढ्या चालत आली तेथल्या कारागिराला बासच्या नटची खाच समजावून सांगावी लागू नये. तरीही दुकानात येणाऱ्या बहुतेक स्वस्त बासांच्या खाचा जेमतेम पाडलेल्या असतात; त्यामुळे पहिल्या फ्रेटवर बोट दाबले की तार ताणली जाऊन सूर चढतो, आणि वादकाला वाटते की आपले वाद्यच बेसूर आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पाहावी. पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली कागदाएवढीच फट उरत असेल तर खाच योग्य, बोटाने तार तेथे स्पष्ट खाली जात असेल तर खाच खोल करावयास हवी. तारेच्या जाडीची कानस वापरावी, कानसेचा उतार मागे खुंट्यांकडे ठेवावा, आणि खाच गरजेपेक्षा खोल गेली तर नट नवा करावा लागतो हे लक्षात घेऊन हात आवरता ठेवावा.

मानेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपली हवा तिला फार छळते. वैशाख-ज्येष्ठात कोरडा उन्हाळा लाकडातील ओल शोषून घेतो, दांड्याची रुंदी किंचित आक्रसते, आणि फ्रेटच्या कडा दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन वादकाच्या तळहाताला ओरखडे काढतात. पुढे पावसाळ्यात तेच लाकूड ओल घेऊन फुगते आणि मानेचा बाक बदलतो. उन्हाळ्यात बाहेर आलेल्या कडा बारीक कानसेने तिरप्या घासून गुळगुळीत कराव्यात. बाक तपासण्यासाठी जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखालील फट मोजावी, ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. ट्रस रॉडची चावी एका वेळी पाव वेढ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरविल्यावर मानेला रात्रभर स्थिरावू द्यावे. घाईने पुरा वेढा देणाऱ्या हाताने रॉडचे आटे बिघडले म्हणजे त्या स्वस्त वाद्याची दुरुस्ती त्याच्या किमतीच्या वर जाते. मान जाग्यावर आल्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवून, दाबलेला स्वर आणि त्याच जागेवरचा हार्मोनिक ट्यूनरवर जुळवावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरील सॅडल मागे घ्यावे, उतरा असेल तर पुढे सरकवावे. इतके झाले आणि नव्या तारा चढल्या की पिकअपची फर्माईश घेऊन आलेल्या कित्येक गिऱ्हाइकांची तक्रार तेथेच मिटते.

ब्रिज आणि चाव्या यांबद्दल आमचे मत अनेकांना रुचणार नाही. वाकविलेल्या पोलादी पत्र्याचा ब्रिज काढून त्याजागी जड पितळी ब्रिज बसविला म्हणजे स्वर लांबतो, अशी समजूत रूढ आहे. तो फरक मंडपात बसलेल्या श्रोत्याला कळेल असे आम्ही म्हणणार नाही. सॅडल गंजून जाम झाले असेल, त्याचा स्क्रू वाजवताना आपोआप उतरत असेल, तर ब्रिज जरूर बदलावा. केवळ वजनासाठी बदलू नये. चाव्यांचेही तेच. गिअरमध्ये ढिलाई असून तार उतरत असेल तर चाव्या बदलण्यास प्रत्यवाय नाही, पण आधी तारेचे वेढे नीट बसले आहेत ना आणि चावीचा स्क्रू आवळलेला आहे ना, हे पाहावे. माल मागविण्यापूर्वी मापे घ्यावीत, कारण स्वस्त वाद्यांत चाव्यांची भोके लहान असतात, पॉटही लहान आकाराचे असतात, आणि मोठा पॉट घातला तर पत्र्यातील भोक वाढवावे लागते, शिवाय नॉबचे दातेही जुळत नाहीत. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावर असल्याने आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर सरहद्दीच्या पलीकडे गेले तरी आपला बाजारहाट तेथेच राहिल्याने, चुकीच्या मापाचा एक जिन्नस परत करणे म्हणजे एक पुरा दिवस आणि प्रवासखर्च, हे आपल्याकडील कारागिराला वेगळे सांगावयास नको.

आता पिकअप. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली की त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तलम तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत विद्युत्दाब उत्पन्न होतो, एवढेच त्या डबीतले रहस्य आहे. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर पोलादी खिळे असतात, महागात अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे दंडचुंबक असतात. परंतु सिरॅमिक म्हणजे वाईट आणि अल्निको म्हणजे चांगले, हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण स्वर वेढ्यांच्या संख्येवर, रचनेवर आणि तारेपासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. ते अंतर दोन स्क्रूंनी, एक छदामही न खर्चता, बदलता येते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत अडीच-तीन मिलिमीटर ठेवावे, जाड तारेकडे किंचित अधिक. फार जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डगमगतो.

बदलायचेच ठरले तर निवडीचा निकष कोणता? बासच्या मोकळ्या जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला ४१.२ कंपनांचा आहे, आणि तो जसाच्या तसा उमटविण्याचे सामर्थ्य आपल्याकडच्या लहान अँपमधील दहा इंची स्पीकरात नसते. श्रोत्याचा कान ८२ आणि १२३ कंपनांच्या आसपासच्या उपस्वरांवरून तो स्वर ओळखतो. मंडपाच्या गदारोळात पिकअपच्या जातींमधील नाजूक छटा वाहून जातात, पण त्याची गुणगुण मात्र वाहून जात नाही. एकेरी वेटोळ्याचे पिकअप विजेच्या तारांची पन्नास कंपनांची गुणगुण तारेच्या स्वराबरोबरच पकडते. प्रिसिजनच्या दुभंगलेल्या पिकअपात दोन तुकड्यांचे वेढे आणि चुंबक परस्परविरुद्ध असल्याने स्वर शाबूत राहतो आणि गुणगुण एकमेकींना खोडून काढते. जॅझच्या जोडीत ही खोडाखोड दोन्ही पॉट सारखेच उघडे असतील तरच घडते. सबब, ज्याच्या नशिबी जनरेटर, डिमर आणि झगमगत्या दिव्यांच्या माळा आहेत त्या वादकाला आम्ही दुभंगलेले किंवा दुहेरी वेटोळ्याचे पिकअपच सुचवू, मग त्याची जात कितीही साधी असो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पिकअप एकत्र बसविताना मल्टिमीटर लावून प्रत्येकावर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवावे आणि झटक्याने उचलावे. काटा एकीकडे उजवीकडे आणि दुसरीकडे डावीकडे गेला तर एकाच्या दोन तारा उलट जोडाव्यात, नाही तर दोन्ही एकत्र वाजताना स्वराचा कणाच हरवतो. पॉट २५० किलोओहमचे आणि कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, हा शिरस्ता येथे पुरतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रेंगाळण्यापेक्षा चाळीस वॅटच्या आयर्नने चटकन काम उरकावे. दीर्घकाळ तापलेला पॉट आतून करपतो.

पण गुणगुणीचा सगळा दोष पिकअपचा नसतो, आणि या ठिकाणी आम्ही वाचकांचे पूर्ण लक्ष मागतो. तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजखालची अर्थ-तार शाबूत आहे आणि पोकळीला तांब्याच्या पट्टीचे अस्तर हवे आहे, असे समजावे; हात लावताच वाढत असेल तर ती तार तुटली आहे. परंतु ही अर्थ-तार वादकाच्या बोटांना अँपच्या धातूशी, आणि तेथून मंडपाच्या वायरिंगशी जोडते, हे विसरून चालणार नाही. गुणगुण थांबावी म्हणून अँपच्या तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा जो प्रघात मंडपांत दिसतो तो जीवघेणा आहे. गायकाचे ओठ माइकला आणि बोटे तारांवर अशी स्थिती असताना दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर प्रवाह शरीरातून जातो. स्वान्सी येथे १९७२ साली ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. ऑर्केस्ट्रा सुरू होण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरे बासच्या तारांना लावावे. काटा लक्षणीय हलला तर वायरमनने दोष शोधेपर्यंत कोणीही गाऊ नये, वाजवू नये, मग संयोजक कितीही घाई करोत. मंडपाच्या पुरवठ्यात तीस मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. असावा, असा आग्रह मंडळांकडे धरावा, आणि गुणगुण घालवायची असेल तर पिन तोडण्याऐवजी ट्रान्सफॉर्मर असलेला डी. आय. बॉक्स वापरावा, त्याच्या ‘ग्राउंड लिफ्ट’ बटणाने केवळ सिग्नलची जमीन सुटते, विजेची नव्हे.

हिशेबाविषयी दोन शब्द. काढलेले मूळ पिकअप, पॉट आणि ब्रिज हा गिऱ्हाइकाचा माल आहे; तो पुडीत बांधून, पावतीवर नोंद करून परत करावा, कारण पुढे वाद्य विकताना मूळ भागांसह विकले तर त्याची किंमत राहते. वाद्यात कोणते पॉट, कोणता कपॅसिटर, कोणत्या तारा आणि किती फट ठेवली, हा तपशील एका चिठ्ठीवर लिहून ती मागच्या पोकळीत चिकटवावी. नंतर ज्याच्या हाती ते वाद्य जाईल तो कारागीर पांढुर्ण्याचा असो, सौंसरचा असो वा नागपूरचा असो, त्याचे अर्धे काम वाचेल. आणि शक्य तर हे काम श्रावणाच्या गर्दीत घेऊच नये. आषाढात वाद्य ठेवून घ्यावे, नट, फ्रेट आणि वायरिंग तेव्हाच उरकावे, पावसाची ओल मानेत पुरती मुरू द्यावी, आणि ट्रस रॉडचा शेवटचा पाव वेढा पोळ्याच्या आठवड्यात देऊन वाद्य मालकाच्या स्वाधीन करावे.