समजून घ्या : ‘ग्रामीण सिनेमा’ हा जॉनर आहे की फक्त पत्ता?

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा, म्हणजे आता उजनीचं पाणी. पलीकडे करमाळा तालुका, ‘सैराट’ तिथलाच. दक्षिणेला नीरा ओलांडली की माळशिरस तालुका. आर्ची साकारणाऱ्या रिंकू राजगुरूचं अकलूज तिथलं. बारामतीला लागून असलेल्या दौंडमध्ये डॉ. जब्बार पटेल यांनी अनेक वर्षं डॉक्टरकी केली. साखर कारखानदारीच्या राजकारणावरचा ‘सामना’ (१९७५) त्यांचाच. दोन चित्रपटांत चाळीस वर्षांचं अंतर, गोष्टींत काहीही साम्य नाही. तरी दोन्हींपुढे हमखास लागणारा शब्द एकच : ग्रामीण. या शब्दातून प्रेक्षकाला नेमकं काय कळतं?

जॉनर म्हणजे काय?

तिकीट काढण्याआधी प्रेक्षकाला दिलेला शब्द. हॉरर असेल तर भीती वाटणार, कॉमेडी असेल तर हसू येणार, रहस्यपट असेल तर शेवटी उत्तर मिळणार. ‘ग्रामीण’ असा कोणताही शब्द देत नाही. गोष्ट कुठे घडते एवढंच तो सांगतो. मुंबईत घडणाऱ्या सिनेमाला कुणी ‘शहरी’ म्हणत नाही. त्याला थेट थ्रिलर किंवा लव्हस्टोरी म्हणतात.

मग एकाच पत्त्यावर काय काय सापडतं?

बरंच. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) तमाशापट म्हणून ओळखला जातो, पण आत सूडकथा आहे. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’त मेंढरं घेऊन भटकणारं धनगर कुटुंब आणि गावातली सत्ता समोरासमोर येतात. हॉलिवूडमध्ये हीच मांडणी ‘वेस्टर्न’ म्हणून विकली गेली असती. पुणे जिल्ह्यातलाच ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा उघड गँगस्टरपट. फरक इतकाच, की इथे गुन्हेगारीची सुरुवात विकलेल्या जमिनीपासून होते. हिंदीत त्याचा ‘अंतिम’ (२०२१) झाला.

‘सामना’चं उदाहरण सर्वांत बोलकं. विजय तेंडुलकरांची पटकथा. निळू फुलेंचा हिंदूराव हा साखरसम्राट, तर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर कुठूनसा गावात आलेला दारुडा. हिंदूराव त्याला आसरा देतो आणि मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, हे विचारत सुटतो. सांगाडा पूर्ण गुप्तहेरकथेचा आहे. पण या गुप्तहेराच्या हाती ना अधिकार ना पिस्तूल, आणि उत्तर माहीत असलेली माणसं बोलायला तयार नाहीत. रहस्य ‘कुणी केलं’ यात नाही, ‘कुणी बोलत का नाही’ यात आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर ही कारखान्यांची नावं ऐकत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला कारखाना आणि गाव यांचं नातं पडद्यावर समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे पटकथेला थेट प्रश्नापासून सुरुवात करता येते.

‘सैराट’नं वेगळं काय केलं?

(शेवट अजून माहीत नसेल तर हा भाग सोडून पुढे जावं. पण असे वाचक आता थोडेच असतील.)

२९ एप्रिल २०१६ ला लागलेला आणि शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरलेला ‘सैराट’ मध्यंतरापर्यंत हिंदी लव्हस्टोरीचा सगळा शब्द पाळतो. स्लो मोशन, अजय-अतुलची गाणी, ऊस, विहीर, बुलेट. प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण हा खेळ त्याला माहीत आहे. मग नागराज मंजुळे जॉनरच काढून घेतात. हैदराबादमध्ये गाणी थांबतात. झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, संशय, भांडण, समेट, मूल. हा भाग रेंगाळतो, अशी तक्रार तेव्हाही होती. पण शेवटचा घाव बसतो तो या रेंगाळण्यामुळेच. संसार खरा वाटल्याशिवाय तो संपल्याचं दुःख खरं वाटलं नसतं. खून पडद्यावर दिसत नाही. दिसतं ते लहान मूल आणि त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे. तेही संगीताशिवाय.

‘धडक’नं (२०१८) कथानक घेतलं, पण गाव उदयपूरला नेलं, जातीचा मुद्दा पुसट केला आणि शेवटही बदलला : नवरा आणि मूल मरतात, मुलगी वाचते. धक्का दोन्हीकडे आहे. मात्र मराठीत मागे राहतं ते दोन्ही घरांचं रक्त असलेलं मूल. त्याला कुणाच्या दारात जागा मिळणार, हा प्रश्न सिनेमा संपल्यावर सुरू होतो. हिंदीत तो प्रश्नच उरत नाही.

नक्कल का फसते?

‘सैराट’नंतर आलेल्या बऱ्याच चित्रपटांनी त्याचा पहिला अर्धा भाग उचलला. कॉलेज, टपरी, मित्रांची जोडी, ड्रोनमधून दिसणारा ऊस. ‘ग्रामीण लव्हस्टोरी’ हाच जॉनर समजला गेला. पत्ता बरोबर होता. द्यायचा आणि मोडायचा शब्द कुणी ठरवलाच नव्हता.

‘सैराट’वर आक्षेपही आले. मराठा समाजाचं चित्रण एकांगी आहे, ही टीका त्यातली मोठी. कोवळ्या वयातल्या पळून जाण्याला मोठेपणा दिला, असंही म्हटलं गेलं. दुसरा आक्षेप धरायचा तर उत्तरार्ध विसरावा लागतो. पहिला इतक्या सहज निकाली निघत नाही : आर्चीच्या बापाला आणि भावाला सिनेमा आतून फारसं पाहत नाही. तेंडुलकरांचा हिंदूराव खलनायक असूनही पूर्ण माणूस वाटतो. तात्या पाटील तसा उभा राहत नाही.

मार्च २०२५ मध्ये ‘सैराट’ पुन्हा थिएटरमध्ये लागला. ‘झिंगाट’ मात्र कधी थांबलंच नव्हतं. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या वरातींमध्ये ते आजही हमखास वाजतं. नवरा-नवरीची जात आधी जुळवून ठरलेल्या लग्नांतही.