पान्ह्याची घडी : कापडी की दुकानातली?



आजचा विषय घराघरांत आहे, पण तो दोन बायकांत आणि हलक्या आवाजातच बोलला जातो. अंगावर पाजणाऱ्या आईचे दूध झिरपते, ब्लाऊज ओला होतो, पदराखालून डाग दिसतो. मग ती चारचौघांत जायचे टाळते. वर्षावासात विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तेथे लेकुरवाळी बाई मागच्या भिंतीला टेकून बसते आणि वाचन अर्ध्यावर असताना उठून जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात किंवा बंगल्यांवर, तळेगावला कारखान्यात कामाला जाणाऱ्या बहिणींची अडचण तर याहून मोठी. त्यांना उठून जाताही येत नाही.

यावर उपाय म्हणून ब्लाऊजच्या आत ठेवायच्या गोल गाद्या औषधांच्या दुकानांत मिळतात. त्यांना नर्सिंग पॅड म्हणतात. एक प्रकार वापरून फेकून द्यायचा, दुसरा कापडी, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायचा. यातला कोणता घ्यावा, असे महिला मंडळाच्या बैठकीत आम्हांला विचारले जाते. आमचे उत्तर थोडक्यात असे : घरी कापडी वापरावी, कामावर आणि धो धो पावसात गरजेपुरती फेकायची चालेल, पण गादी कोणतीही असो, ओली झाली की ती बदललीच पाहिजे. आता हे सविस्तर पाहू.

आधी दूध गळते का ते समजून घेऊ. बाळ रडले, पाजायची वेळ झाली, एवढेच काय शेजारचे मूल रडले तरी आईला पान्हा फुटतो. त्या वेळी मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात येते, त्याने दुधाच्या बारीक पिशव्या आकसतात आणि दूध पुढे ढकलले जाते. एका बाजूला पाजताना दुसरी बाजू गळते ती यामुळेच. पहिले सहा ते दहा आठवडे हे जास्त असते, पुढे शरीर बाळाच्या मागणीला सरावते आणि बहुतेकींचे गळणे कमी होते.

येथेच एक मोठा घोटाळा होतो. गळणे थांबले की घरातली वडीलधारी बाई म्हणते, “हिचं दूध आटलं.” लगेच दुधाच्या पावडरचा डबा घरात येतो. गळण्याचा आणि दूध पुरण्याचा संबंध नाही. काही आयांचे दूध कधीच गळत नाही आणि तरी बाळ गुटगुटीत असते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा वेळा किंवा जास्त लघवी करते आणि वजन वाढते, तर दूध पुरते असे समजावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे आणि त्याहून जास्त काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगीच नव्हे.

आणि लाज कसली? महामाया गेल्यावर महाप्रजापती गौतमीने सिद्धार्थाला आपले दूध पाजून वाढवले, हे आपण विहारात वाचतो. जे वाचताना आपण हात जोडतो, तेच आपल्या सुनेच्या ब्लाऊजवर दिसले की मान फिरवतो. हे बरे नव्हे. ओल्या डागाच्या लाजेपायी कोणी पाजणे सोडले, तर नुकसान बाळाचे होते.

आता जमाखर्च मांडू. फेकायच्या पॅडमध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस असतो, ओल शोषून जेलीसारखी फुगणारी पावडर असते आणि खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ते पातळ असते, ओल बाहेर येऊ देत नाही, धुवावे लागत नाही. समजा एका पॅडला सहा रुपये पडले. दिवसाला तीन जोड्या म्हणजे सहा पॅड, ३६ रुपये. महिन्याला १०८० रुपये आणि अडीच महिन्यांत २७०० रुपये. प्रत्येकीने आपल्या दुकानातला भाव घालून हिशोब करावा. विकतच्या कापडी गाद्या समजा १०० रुपये जोडी धरल्या, तर आठ जोड्यांना एकदाच ८०० रुपये लागतात आणि त्या पुढच्या बाळंतपणालाही उपयोगी पडतात. घरी शिवल्या तर दोऱ्याचाच खर्च. वाचलेल्या पैशांत बाळंतिणीच्या ताटात रोज एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे येऊ शकतात.

पण हा हिशोब अजून पुरा झालेला नाही. कापडी गादी धुवावी लागते. ते धुणे बाळंतिणीच्याच माथी मारून “कापडी स्वस्त पडते” असे म्हणणे म्हणजे खर्चाचा एक रकाना कोरा ठेवणे होय. रात्री तीनदा उठणारी बाई दिवसा धुणे, भांडी, स्वयंपाक आणि पुन्हा या गाद्या करणार असेल, तर ते स्वस्त नाही. बंधूंनो, ही दोन मुठींची कापडे आहेत. ती धुण्याने कोणाचाही मान कमी होत नाही. बापाने ती धुवावीत, दिराने वाळत घालावीत. ज्या घरात हे होत नाही त्या घरातील बाईने फेकायचे पॅड वापरले, तर तिला उधळी म्हणण्याचा हक्क कोणाला नाही.

घरी गादी करायची तर जुनी, मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर घ्यावे. नायलॉन, टेरिकॉट घेऊ नये. ते ओल पीत नाही. नवे मांजरपाट घेतले तर दोन-तीन वेळा धुऊन खळ काढावी. वाटी पालथी ठेवून बोटभर जागा सोडून गोल आखावे, म्हणजे साधारण ११-१२ सेंटिमीटरची गादी होते. पाच-सहा पदर एकावर एक ठेवून कडेने शिवावे. मध्ये फलालीनचे एक-दोन पदर घातले तर जास्त ओल धरते. अंगाकडची बाजू सर्वांत मऊ असावी, शिवण टोचता कामा नये. प्लॅस्टिकचा तुकडा आत घालू नये. त्याने ब्लाऊज कोरडा राहतो, पण कातडी ओली राहते. गादी मावावी म्हणून ब्लाऊज किंवा आतली बॉडी घट्ट करू नये. दाब पडला तर दूध आत तुंबते.

धुताना आधी गार पाण्याने दूध काढून टाकावे. एकदम गरम पाण्यात टाकले तर दुधाचा अंश कापडात बसतो आणि वास राहतो. मग साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळावे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य वापरू नये. त्याने कापडाची ओल पिण्याची शक्ती कमी होते. आणि वाळत घालावे ते उन्हात, उघड्यावर. लाजेने आतल्या दांडीवर दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलेले कापड कुबट राहते. दृष्ट लागेल ही भीती तर आपण केव्हाच मागे सोडली आहे.

ऊन म्हटले की मावळातला खरा प्रश्न येतो. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव, तळेगाव, देहूरोडकडे जावे तसा तो झपाट्याने उतरतो. म्हणून देहूरोडच्या बाईला जो सल्ला पुरतो तो लोणावळ्याच्या बाईला जुलैत पुरत नाही. तेथे भिंतीलाही ओल असते आणि धुतलेले कापड तिसऱ्या दिवशीही गारच लागते. अर्धवट वाळलेली गादी लावली तर बुरशी धरण्याचा धोका असतो. तेव्हा उन्हाळ्यात सहा-आठ जोड्या पुरतात, तेथे पावसाळ्यात बारा ठेवाव्यात. जाड शिवलेल्या गादीपेक्षा उलगडून वाळवता येईल अशी रुमालासारखी घडी बरी. ती लवकर वाळते. चुलीच्या वरच्या दांडीवर धुरापासून लांब किंवा पंख्याखाली वाळवून, शेवटी गरम इस्त्री फिरवावी. इतके करूनही कोरडी घडी हाताशी नसेल त्या दिवशी फेकायचे पॅड खुशाल वापरावे. ओल्या कापडापेक्षा ते केव्हाही बरे. भाताच्या आवणीला दिवसभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बहिणींनी बांधावर कोरड्या पिशवीत एक जोडी बदलायला ठेवावी.

कामावर जाणाऱ्यांसाठी. लोणावळ्याहून पुण्याची लोकल सव्वा-दीड तास घेते, वर आठ तासांची ड्युटी. सकाळी लावलेले पॅड संध्याकाळी काढायचे, असे करू नये. फेकायचे पॅड वरून कोरडे दिसले तरी आत भिजलेले असते. किमान दोन जोड्या पर्समध्ये ठेवाव्यात, ओल्या घड्यांसाठी वेगळी पिशवी घ्यावी. गाडीत अचानक पान्हा फुटला तर हाताची घडी घालून छातीवर थोडा वेळ हलका दाब द्यावा, गळणे थांबते. पण गादी म्हणजे पाजण्याला पर्याय नव्हे. बाळ जवळ नसताना दोन-तीन तासांनी हात स्वच्छ धुऊन हाताने दूध काढावे. नाहीतर दूध गाठते आणि पुढे कमी होते. काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात साध्या हवेत चार तास टिकते. उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे.

वापरलेल्या पॅडचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या समाजाला जास्त लागतो. कारण तो कचरा उचलणारे, वेचणारे हात बहुतेक आपल्याच आयाबहिणींचे असतात. गुंडाळलेल्या पॅडमध्ये दूध आहे की रक्त, हे त्या हातांना कळत नाही. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या वेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम चालवली. हात घालण्याआधी कळावे, एवढीच तिची मागणी. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही असा कचरा गुंडाळून वेगळा द्यावा असे सांगितले. लाल पेनाचा एक ठिपका काढायला कितीसा वेळ लागतो? पॅड संडासात टाकू नये, ते फुगून नळ तुंबवते आणि तो मोकळा करायलाही आपलाच माणूस उतरतो. चुलीतही घालू नये, प्लॅस्टिकचा धूर बाळाच्याच नाकात जातो.

काही खुणा मात्र अंगावर काढू नयेत. स्तनाग्र लालसर-गुलाबी चकाकते, पाजल्यावर आग होते आणि बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग दिसतात, तर ती बुरशी असू शकते. उपचार आई आणि बाळ दोघांनाही लागतो. छाती कडक, लाल, गरम झाली आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पाजणे थांबवू नये, थांबवल्याने दुखणे वाढते. चिरेला गादी चिकटली असेल तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवून सोडवावी.

शेवटी एक गोष्ट. गादीने डाग झाकता येतो, पण आईला बाळापासून दहा तास लांब ठेवण्याचा प्रश्न गादीने सुटत नाही. तो प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ सालीच ओळखला होता. मुंबई विधिमंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामावर रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत. कंत्राटी कामगार बाईलाही ते आहेत. ठेकेदार “तुम्हांला लागू नाही” म्हणाला तर त्याचे ऐकून घरी बसू नये; युनियनकडे, कामगार कार्यालयाकडे लेखी जावे. मागणीच्या अर्जाची पोच घेऊन ठेवावी.

आणि महिला मंडळांना एक सूचना. आपण बाळंतविड्याला झबली-टोपडी देतो, ती बाळाला महिन्याभरात लहान होतात. यापुढे त्याबरोबर जुन्या सुती साडीच्या बारा घड्या शिवून द्याव्यात, आणि एक लाल पेन. वर्षावासातल्या एका रविवारी दुपारी चार जणी बसल्या तर एवढे काम सहज होते.

जयभीम.