मोटारीचें चिन्ह: रंगवावें, पण बदलूं नये

मोटारीच्या तोंडावरील चिन्ह घरच्या घरीं रंगवावें कीं रंगाऱ्याकडे द्यावें, हा विषय शाळेच्या वार्षिकांत चर्चिण्याजोगा आहे काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. विषय लहान आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु लहान वस्तूंशीं मनुष्य कसा वागतो, त्यावरूनच मोठ्या गोष्टींत तो कसा वागेल याची अटकळ बांधतां येते. आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीं आमच्या हस्तव्यवसायाच्या तासास जें घडलें, त्यावरून हा विषय वाटतो तितका लहान नाहीं अशी आमची खात्री झाली आहे. तो प्रसंग शेवटीं सांगूं.

प्रथम हीं चिन्हें म्हणजे काय तें पाहूं. मर्सिडीझ मोटारीवरील तीन टोकांचा तारा जमीन, पाणी व आकाश या तिहींचा द्योतक आहे. सिट्रोएन मोटारीवरील एकावर एक ठेवलेले दोन कोन हे त्या कारखान्याच्या संस्थापकानें पूर्वीं बनविलेल्या दंतचक्रांच्या दांत्यांवरून घेतले आहेत. सुबारू हें जपानी नांव तर आपल्या ओळखीच्या कृत्तिकांचें आहे. म्हणून त्या मोटारीवर सहा तारे दिसतात. ईयोबाच्या पुस्तकांत ज्या कृत्तिकांचा उल्लेख आपण वाचतों, त्याच या. सारांश, चिन्ह हा केवळ शोभेचा तुकडा नव्हे. ‘मला अमक्यानें घडविलें, मी अमुक आहें’ असें तें वस्तूच्या वतीनें जगास सांगत असतें. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची गेली, तेव्हां कित्येकांस हळहळ वाटली. कुर्ल्याच्या कारखान्यांतील त्या मोटारीचें नांव पत्र्यावरील अक्षरांतूनच लोकांच्या ओठीं बसलें होतें.

हें चिन्ह कालांतरानें विटतें. आजकालचीं बहुतेक चिन्हें धातूचीं नसून प्लास्टिकचीं असतात. त्यांवर तांबें, निकल व क्रोमियम यांचे थर क्रमानें चढविलेले असतात, आणि सर्वांत वरचा क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. ऊन, खारी हवा आणि तीव्र साबणाची धुलाई यांपुढें त्याचा निभाव तो किती लागणार? मग गॅरेजमध्यें सांगतात, ‘हें काढून फेका, नवें बसवितों.’ आमचा आक्षेप येथेंच आहे. ज्याचें अंग शाबूत आहे व केवळ रंग उडाला आहे, तें फेकण्याजोगें झालें असें कोणी ठरविलें? बापानें वर्षानुवर्षें जपलेल्या मोटारीच्या कपाळावरचें चिन्ह मुलानें एका रविवारीं दुपारीं स्वच्छ करून रंगवावें, यांत पैशाची बचत तर आहेच. परंतु त्याहून मोठा लाभ हा कीं, ती वस्तु त्या दिवसापासून त्याची होते. ‘हात फिरे तेथें लक्ष्मी वसे’ ही म्हण आमच्या आजीबाईंनीं केवळ केरसुणीसाठीं केलेली नाहीं.

कोणी म्हणेल, ‘शिकलेल्या मुलांनीं रंगाऱ्याचें काम कां करावें? शिवाय त्यायोगें रंगाऱ्याच्या पोटावर पाय येतो.’ पहिल्या आक्षेपास ख्रिस्ती शाळेंत उत्तर देण्याची गरज पडावी याचेंच आम्हांस नवल वाटतें. ज्या प्रभूचें नांव आपण घेतों तो नासरेथचा सुतार होता, आणि पौल प्रेषित तंबू करून आपली भाकर मिळवीत असे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. परंतु आमचा अनुभव असा कीं, ज्यानें एकदां स्वतः कुंचला धरला, तो पुढें रंगाऱ्याशीं मजुरीची घासाघीस करीत नाहीं. त्या कामास काय लागतें हें त्यास कळलेलें असतें.

आतां कृतीकडे वळूं. आमच्या लहानपणीं दारीं कल्हईवाला येई. तो भांड्यास एकदम कथील लावीत नसे. आधीं भांडें घासून लख्ख करी, मग तें तापवून नवसागर टाकी, आणि तेव्हां कोठें कथलाचा हात फिरवी. ह्या कामाचेंही सारें रहस्य तेंच आहे. चिन्ह डिंकानें चिकटविलेलें असल्यास त्याच्या कडांच्या जागा चिकटपट्टीनें आधीं आंखून ठेवाव्या. मग केस वाळविण्याच्या यंत्रानें तें कोमट करावें व गळाचा नायलॉनचा दोरा मागून करवतीसारखा ओढावा. चिन्ह सुटून येतें. तें साबणाच्या पाण्यानें धुवावें, आणि मेण व तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावा. तीव्र थिनर मात्र लावूं नये. त्यानें प्लास्टिक विरघळतें. नंतर आठशे नंबरच्या पॉलिशपेपरनें पाण्यांत अलगद घासून गुळगुळीतपणा मारावा, प्लास्टिकसाठीं मिळणारा प्रायमर द्यावा, आणि रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येकीं दहा-पंधरा मिनिटें थांबून, द्यावे. एक जाड हात चार पातळ हातांचें काम करीत नाहीं; तो ओघळतो. सर्व चिन्ह न रंगवितां केवळ अक्षरांची खोलगट जागा भरावयाची असेल, तर तेथला गुळगुळीतपणा तेवढा मारून बारीक कुंचल्यानें रंग भरावा, व तो ओला आहे तोंच टर्पेंटाइननें किंचित् ओलसर केलेला कपडा कार्डावर गुंडाळून उंच भागावरून फिरवावा. शेवटीं पारदर्शक लॅकर द्यावा आणि एक आठवडा त्यास पाणी व धूळ लागूं देऊं नये. फवारा मारावयाचा असल्यास तो उघड्या हवेंत, नाकातोंडावर मुखवटा बांधून मारावा.

तीन मर्यादाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. जुन्या मोटारींवरील खरें मीनाकाम रंगवूं नये; तें कांचेच्या भुकटीस सुमारें आठशे अंश उष्णता देऊन वितळविलेलें असतें, घरीं तें पुन्हां होत नाहीं, आणि त्याचा एखादा टवका उडालेला असला तरी तो तसाच राहूं द्यावा. कांहीं नव्या मोटारींत पुढील चिन्हाच्या मागें रडार बसविलेलें असतें. त्यावर धातुमिश्रित रंग चढविला तर पुढच्या वाहनाचें अंतर मोजण्यांत व्यत्यय येतो. तशा मोटारीच्या चिन्हास हात लावूं नये. आणि क्रमांकाची पाटी म्हणजे चिन्ह नव्हे. ती कायद्यानें ठरल्याप्रमाणेंच असली पाहिजे.

आतां तो प्रसंग. हस्तव्यवसायाच्या तासास दहावीचा एक विद्यार्थी आपल्या वडिलांच्या मोटारीचें मागचें चिन्ह घेऊन आला. आम्ही त्यास घासण्याची रीत दाखवीत असतां त्यानें खिशांतून एक पुडी काढली. तींत बाजारांतून दोनशे रुपयांस आणलेलीं चकचकीत अक्षरें होतीं. त्याच मोटारीच्या सर्वांत महाग प्रकारावर असतात तशीं. वडिलांस मोटार विकावयाची होती, हें आम्हांस नंतर कळलें. तो म्हणाला, “सर, जुनें रंगविण्यापेक्षां हींच लावलीं तर कोणास कळणार आहे?”

आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल करतों. आम्ही इतकेंच विचारलें, “घेणाऱ्यानें तुला विचारलें, ही अक्षरें खरीं काय, तर तूं काय सांगशील?” तो बराच वेळ पॉलिशपेपर चाळवीत बसला. मग म्हणाला, “तो मला विचारणारच नाहीं, सर. तो अक्षरें वाचेल.”

त्या मुलानें आमच्याहून नेमकें उत्तर दिलें होतें. चिन्ह बोलतें, म्हणूनच तें खोटेंही बोलूं शकतें. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ या म्हणीला आपण हंसतों, पण सोनूबाईनें निदान आपला वाळा लपविला नव्हता. चुना लावलेल्या कबरांविषयीं प्रभूनें जें म्हटलें तें रंगाविरुद्ध नव्हतें. रंगाआड जें दडविलें जातें त्याविरुद्ध होतें. विटलेलें खरें चिन्ह उजळविणें म्हणजे वस्तूचें खरें बोलणें पुन्हां ऐकूं येईलसें करणें. त्याजागीं परकें चिन्ह लावणें म्हणजे तिच्या तोंडीं लबाडी घालणें. रंग तोच, कुंचला तोच. भेद हेतूचा आहे.

मुलगा अक्षरें परत करावयास गेला. दुकानदारानें पैसे दिले नाहींत. मोटार अखेर वडिलांच्या अपेक्षेहून कमी किंमतीस गेली, आणि खरेपणाबद्दल त्यांस कोणी दोन रुपये अधिक दिले नाहींत. विद्यार्थिमित्रहो, हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण सत्याचा मोबदला रोख मिळतो असें तुम्हांस शिकविणें हीही एक प्रकारची खोटी अक्षरें लावणेंच होईल.

तथापि मोटार घरून गेली त्या दिवशीं तो मुलगा तिच्या मागें उभा होता. चिन्ह त्यानें स्वतः तीन दिवस खपून रंगविलें होतें. एका अक्षराच्या कडेस रंग किंचित् बाहेर गेला होता, तोही त्यास दिसत होता. घेणाऱ्यानें तें वाचलें. त्यांत लिहिलें होतें तेंच त्यास मिळालें.