कशाला कोणता डिंक?

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून मोडक्या वस्तूंची टोपली खाली उतरते. बादलीचा तुटका कान, रेडिओचे बटण, समईवरून निसटलेला पितळी मोर! मग घरातले कोणीतरी ‘फेविक्विक’ची नळी आणते आणि सगळ्यांवर तीच ओतून मोकळे होते. चार दिवसांत बादली पुन्हा कान टाकते आणि दोष नळीला लागतो.

दोष नळीचा नसतो. प्लॅस्टिक म्हणजे एक जिनस नव्हे. संशय आला तर त्याची कपची पाण्यात टाकून पाहावी. बादल्या-डबे बहुधा पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. त्यांची कपची तरंगते, आणि त्यांवर घरगुती डिंक टिकत नाही. तिथे तापवलेल्या दाभणाने भोके पाडून तारेचे टाके घालावेत. (खिडकी उघडी ठेवून, हे सांगायला नकोच.) कपची बुडाली तर आशा आहे. रेडिओच्या कठीण प्लॅस्टिकला झटपट डिंक धरतो. पीव्हीसी नळाला मात्र त्याचेच सॉल्व्हंट हवे, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते.

धातूला ‘अराल्डाइट’सारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी बरे. पण मोर चिंचेने लखलखला म्हणजे काम झाले असे नाही. सांध्याची जागा साबणाने धुऊन वाळवावी, सॅंडपेपरने खरवडावी, स्पिरिटने पुसावी. मग दोन्ही नळ्यांतले सांगितल्या प्रमाणात कालवून लावावे आणि सुतळीने आवळून रात्रभर ठेवावे. कुकरची मूठ मात्र कधीही चिकटवू नये! इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते आणि भरला कुकर हातातून सुटतो. नवी मूठ बसवून घ्यावी.

आम्हां पंढरपूरकरांना लेप काही नवा नाही. पदस्पर्शाने होणारी झीज थांबावी म्हणून जून 2020 मध्ये, मंदिर बंद असताना, पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी विठ्ठलमूर्तीवर रासायनिक लेप दिला. लोक त्याला ‘वज्रलेप’ म्हणतात. हा शब्द वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातला. तिथेही एकच कृती नाही: एकीत कवठ, गुग्गुळ, राळ, जवस, बेल, दुसरीत आठ भाग शिसे, दोन भाग कांसे, एक भाग पितळ. हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू सासऱ्यांचे टाळ घेऊन आल्या. एकाची कड तडकून तुकडा सुटला होता. “इपॉक्सीने बसेल ना हो?” त्यांनी विचारले. बसेल, मी म्हटले, पण वाजणार नाही. टाळाचा नाद अख्ख्या धातूच्या कंपातून येतो आणि मधला डिंक तो कंप गिळून टाकतो. काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बसवून द्या. देवघरात ठेवीन.” भजनासाठी त्यांनी नवी जोडी घेतली. जुन्या टाळांची दोरी मात्र सोडून नव्यांना ओवली.