पडद्यावरचे समुपदेशन : सोय झाली, जबाबदारी कोणाची?

मानसोपचार म्हटले की विजेचे झटके आणि येरवड्याचे किंवा ठाण्याचे मनोरुग्णालय एवढेच आठवणाऱ्या समाजात अलीकडे एक बदल घडला आहे. झोप न लागणे, वरिष्ठांची धास्ती, परीक्षेचा ताण, घरातील बेबनाव अशा रोजच्या तक्रारींसाठी शहरी मध्यमवर्ग समुपदेशकाचा सल्ला घेऊ लागला आहे, आणि तोही घरबसल्या, मोबाईलच्या पडद्यावरून. २०२०च्या टाळेबंदीने या बदलाला वेग दिला.

या ऑनलाइन सेवांचा भर बालपणाचा तळ शोधण्यापेक्षा आजची अडचण सोडविण्यावर असतो. या विचाराचा पाया अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या आणि आरन बेक यांनी १९६०च्या दशकात घातला. मराठी वाचकांना तो अपरिचित नाही. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजविली. पद्धत साधी आहे. ‘बैठकीत बोललो तर हसे होईल’ हा विचार कागदावर उतरवायचा, त्याला आधार किती ते तपासायचे आणि पुढच्या बैठकीत दोन मिनिटे बोलून पाहायचे. पुढच्या आठवड्यात त्याचा आढावा घ्यायचा. साधारण सहा ते वीस भेटींत उद्दिष्ट गाठण्याचा प्रयत्न असतो. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या चिंता आणि नैराश्यावर हे उपचार प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली इंटरनेटवरूनही गुणकारी ठरतात, असे संशोधन सांगते. देखरेख नसेल तर मात्र अनेक जण मध्येच सोडून देतात.

गरजेविषयी तर वादच नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत (त्यात महाराष्ट्र नव्हता) निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही उपलब्ध आहे. परंतु तिचे काम मुख्यतः तत्काळ आधार देण्याचे आणि योग्य ठिकाणी पाठविण्याचे आहे. दर आठवड्याच्या उपचाराची पोकळी खासगी कंपन्या भरून काढीत आहेत.

खरी अडचण येथेच आहे. मार्च २०२०मध्ये जाहीर झालेली दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र वर्षानुवर्षे कोणीही लावू शकत होता. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतले, हे योग्यच झाले. पण कायद्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पडद्यासमोर बसलेल्या माणसाला समोरच्या व्यक्तीची नोंदणी सहज तपासता येईल.

दुसरा प्रश्न गोपनीयतेचा. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या बड्या कंपनीने ग्राहकांची मानसिक आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरविल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला. २०२३मध्ये ७८ लाख डॉलर देण्याच्या तडजोडीवर ते प्रकरण मिटले. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि २०२३मध्ये विदासंरक्षणाचा कायदाही झाला. तरीही कागदावरचा हक्क आणि ‘मान्य आहे’वर घाईने टेकविलेले बोट यांत मोठे अंतर आहे.

गोपनीयतेला एक घरगुती बाजूही आहे. मुंबईतील दीड खोलीच्या घरात सासूविषयी किंवा नवऱ्याविषयी बोलायला दार बंद करता येणारी खोली कुठून आणायची? ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांच्याकडेच एकांत नसतो. ग्रंथालये, महाविद्यालये व पालिकेचे दवाखाने यांनी अशी एखादी खोली उपलब्ध करून दिली, तर ती चैन ठरणार नाही.

आत्महत्येचे विचार, भास, तीव्र व्यसन यांवर ठराविक भेटींचे समुपदेशन पुरेसे नाही. तेथे मनोविकारतज्ज्ञच हवा. स्वतःची ही मर्यादा ओळखून रुग्णाला वेळीच पुढे पाठविणारी सेवा विश्वासार्ह मानावी. पहिल्या भेटीपूर्वी ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत : तुमची पात्रता व नोंदणी काय, माझी माहिती कोणाकोणाकडे जाणार आणि माझी प्रकृती बिघडली तर तुम्ही काय करणार? याची सरळ उत्तरे न देणाऱ्या सेवेपुढे मन मोकळे करण्याची घाई कोणी करू नये.