त्र्याहत्तराव्या वर्षीचा नवा लेखक

अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात दर उन्हाळ्यात कॉमिक्सचा प्रचंड मेळावा भरतो. लाखाहून अधिक माणसे लोटतात. कोणी बॅटमॅन होऊन येतो, कोणी सुपरमॅन. आवडत्या लेखक-चित्रकारांची सही मिळावी म्हणून लोक रांगा लावतात. जुलै २०१३ च्या मेळाव्यात या नामवंतांच्या मांदियाळीत एक नवा कॉमिक्स-लेखक आपले पहिलेच चित्रपुस्तक घेऊन आला होता. वय वर्षे त्र्याहत्तर, नाव जॉन लुईस. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्यातील झुंजार सेनानी आणि अमेरिकन काँग्रेसचे सदस्य.

चळवळीसमोर एवढे प्रश्न असताना या वकिलाला कॉमिक्स कुठून सुचले, असे आमचे काही समाजबांधव म्हणतील. लुईस यांच्या कचेरीतही तेच घडले होते. २००८ च्या निवडणूक प्रचारात अँड्र्यू आयडिन हा त्यांचा तरुण सहकारी म्हणाला, निवडणूक आटोपली की मी कॉमिक्सच्या मेळाव्याला जाणार. सगळे हसले. लुईस हसले नाहीत. आमच्या लढ्यातही एक कॉमिक होते, त्याने मोठे काम केले, असे त्यांनी हसणाऱ्यांना सांगितले. ते होते माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची हकिगत सांगणारे १९५७ चे सोळा पानी पुस्तक. किंमत दहा सेंट. अहिंसेने कसे लढायचे, हे त्यात चित्रांतून शिकवले होते. अलाबामातल्या शेतमजुरी करणाऱ्या घरातल्या लुईस यांनी ते कोवळ्या वयात वाचले. मग आयडिन मागे लागला, तुम्हीच असे पुस्तक लिहा. लुईस म्हणाले, तू सोबत लिहिणार असशील तर लिहितो. कॉमिक्स लिहिण्यात दोघेही नवखे. चित्रे मात्र नेट पॉवेल या कसलेल्या चित्रकाराची. पुस्तकाचे नाव 'मार्च'.

आता तारीख पाहा. २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच काढून घेतला. ज्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखले होते, त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. ती राज्ये ठरवणारे कलमच पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाले. याच कायद्यासाठी ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी लुईस यांचे डोके फोडले होते. निकालानंतर महिनाही उलटला नव्हता आणि हा माणूस कॉमिक्सच्या मेळाव्यात उभा होता. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. ज्या पिढीला कायदा कसा मिळाला हेच ठाऊक नाही, ती पिढी तो गेला तरी रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे २० मार्च २०१८ च्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट केला, तेव्हा २ एप्रिलला तरुण रस्त्यावर आले म्हणूनच संसदेला दुरुस्ती करावी लागली. हे त्या तरुणांना कोणी पढवले होते? घरातल्या आजीने, भीमगीतांनी, जलशांनी. पण आजच्या मुलाच्या हातात मोबाईल आहे आणि जलसा गावात येत नाही.

२०१५ मध्ये लुईस पुन्हा सॅन दिएगोला गेले. अंगात सेल्माच्या दिवशी घातला होता तसा कोट, पाठीवर तशीच पिशवी. त्या दिवशी तुरुंगात जावे लागेल म्हणून पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे आणि दात घासायचा ब्रश होता. शाळकरी मुलांना सोबत घेऊन ते मेळाव्यातून चालत निघाले आणि मागे गर्दी जमत गेली. पुढच्याच वर्षी 'मार्च'च्या तिसऱ्या खंडाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. तो घेताना त्यांनी सांगितले की १९५६ साली, सोळाव्या वर्षी, भावंडांसह आम्ही गावच्या वाचनालयात गेलो, तर हे फक्त गोऱ्यांसाठी आहे असे सांगून परत पाठवले. १९५६! त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला माणूस केले. २०२० मध्ये लुईस गेले; पुस्तके राहिली.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच. म्हणजे हे नाते आम्ही आज जोडतो आहोत असे नाही. चित्रांतही आपल्याकडे काम झाले आहे. २०११ साली 'भीमायन' निघाले. बाबासाहेबांना शाळेत पाणी नाकारले गेले, बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, ते सारे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी रेखाटले. जातीचे विष ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात, सोसणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात. पाच वर्षांच्या पोरालाही कळेल! पण हे पुस्तक आधी इंग्रजीत आले आणि वस्तीतल्या घरापर्यंत पोहोचले नाही. अमर चित्रकथेने बाबासाहेबांवर एक अंक काढला हे मान्य. पण ती मालिका ओळखली जाते देवादिकांसाठी आणि राजेरजवाड्यांसाठी. चवदार तळे, काळाराम मंदिर, नामांतराचा लढा मराठी चित्रांतून आमच्या मुलांना कोण सांगणार? प्रस्थापित प्रकाशकांकडे अर्ज करून बसायचे काय?

मेळावा तर आमचा आहेच. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात, तेवढी गर्दी कोणत्या साहित्य संमेलनाला लाभते? तिथे आमचे नामवंत लेखक वाचकांना भेटतात. त्यांच्या शेजारी येत्या ६ डिसेंबरला चित्रकथा लिहिणाऱ्या एखाद्या नवख्या पोराला किंवा पोरीला खुर्ची द्या. आमच्या कला महाविद्यालयांतून शिकून रिकामी बसलेली मुले चित्रे काढतील. कायद्याचा मजकूर तपासून द्यायला आम्ही वकील मंडळी तयार आहोत, त्याची फी नाही. पाने सोळाच ठेवा, आणि किंमत एवढीच, की रात्रभर रेल्वेने उभ्याने आलेली आई ते पोराला घेऊन देईल.